गुप्तहेरांच्या दारात फुकट प्रवेश : नॅशनल क्रिप्टोलॉजिक म्युझियम, मेरीलँड

मेरीलँड किंवा व्हर्जिनियात मुलांकडे आलेल्या आईवडिलांना पहिल्या पंधरवड्यात कॅपिटॉल, लिंकन मेमोरियल, स्मिथसोनियनमधली विमानं आणि लॅनहॅमचं शिवविष्णू मंदिर एवढं सगळं दाखवून होतं. मग जावई ऑफिसात, लेक लॅपटॉपला चिकटलेली, नातू शाळेत आणि आपण खिडकीतून शेजाऱ्याचं गवत कापणं बघत बसलेले. अशा मंडळींसाठी हे लिहितो आहे. नॅशनल क्रिप्टोलॉजिक म्युझियम, म्हणजे सांकेतिक संदेशांचं सरकारी संग्रहालय, बघून या. तिकीट नाही, पार्किंगचे पैसे नाहीत, धक्काबुक्की नाही आणि अर्धा दिवस मजेत जातो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. उरलेला अर्धा कशापायी कापला ते पुढे येईलच. ऑडिटवाल्याने पुरते गुण दिले तर त्याची पेन्शन बंद होत असावी.

हो, मी ऑडिटवाला. उभी नोकरी नागपूरच्या महालेखाकार कार्यालयात गेली. त्यामुळे एखादी वस्तू दिसली की ती चालते कशी याच्या आधी ती कितीला पडली, कुठल्या लेखाशीर्षातून घेतली आणि व्हाउचर कुठे आहे, हे डोक्यात येतं. आमची सौ. म्हणते, ताजमहालासमोरही हे कंत्राटदाराचं बिल मागतील. आता ज्या खात्याचं बिल साक्षात अमेरिकेच्या जनतेलाही बघायला मिळत नाही त्या खात्याच्या संग्रहालयात मला नेऊन सोडलं, तेव्हा काय होणार होतं?

आधी जागेबद्दल. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या मधोमध, ॲनापोलिस जंक्शन म्हणून ठिकाण आहे, तिथे राऊट 32 ला लागून. मागे फोर्ट मीडची लष्करी हद्द आणि एनएसएचं, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचं मुख्यालय. परदेशातले संदेश ऐकायचे, फोडायचे आणि आपल्या सरकारचे संदेश कुणाला फोडू द्यायचे नाहीत, हा या खात्याचा धंदा. संग्रहालय मात्र फाटकाच्या बाहेर आहे, त्यामुळे पास, परवानगी, पासपोर्टची झेरॉक्स यातलं काही लागत नाही. 1993 मध्ये ते सुरू झालं. मधे बरीच दुरुस्ती झाली आणि 2022 च्या ऑक्टोबरात नव्याने उघडलं.

इमारत बाहेरून अगदीच सामान्य, आणि त्याला कारण आहे. हे पूर्वी कॉलनी सेव्हन नावाचं मोटेल होतं. मुख्यालयाच्या इतक्या जवळ रोजाच्या भाड्याने खोल्या मिळतात म्हटल्यावर उद्या कुणी अँटेना घेऊन मुक्कामाला येईल, या धास्तीने एनएसएने ते मोटेलच विकत घेऊन टाकलं, असं सांगतात. पुढे जागा हातात होतीच, तिथे संग्रहालय आलं. रस्त्याचं नाव अजून कॉलनी सेव्हन रोडच आहे. हा व्यवहार मला फार आवडला. शेजारचा प्लॉट नको त्या माणसाने घेऊ नये म्हणून आपणच घेऊन टाकणारे लोक आमच्या धंतोलीतही आहेत.

आत गेल्यावर पहिलं काम सांगतो : एनिग्माला हात लावा. दुसऱ्या महायुद्धात संदेश सांकेतिक करायला जर्मन सैन्य वापरत होतं तेच यंत्र, आणि इथे ते काचेआड नाही, टेबलावर ठेवलंय. कळ दाबा म्हणतात. कळ चांगली जड आहे, जुन्या रेमिंग्टनवर टायपिंगची परीक्षा दिलेल्यांना ओळखीची वाटेल. दाबली की उजवीकडचं चाक एक घर सरकतं आणि वरच्या दिव्यांत भलतंच अक्षर पेटतं. मी ‘नागपूर’ टाइप करायला घेतलं. ‘एन’ दाबलं, दुसरंच काही पेटलं. पुन्हा ‘एन’ दाबलं, आता तिसरंच. कितीही वेळा दाबा, ‘एन’ दाबल्यावर ‘एन’ मात्र कधीच पेटत नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. आणि ब्रिटिशांनी नेमका हाच धागा पकडला. अमुक अक्षर अमुक जागी नाही एवढं नक्की कळलं तरी हजारो शक्यता गळून पडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक आकडा बदलणाऱ्या पण मूळ आकडा कधीच न लिहिणाऱ्या कारकुनाची चोरी त्याच्या सवयीवरून पकडता येते.

तिथे मदतीला जे स्वयंसेवक उभे असतात त्यांतले बरेच जण याच खात्यातून निवृत्त झालेले. मला भेटल्या त्या बाई सत्तरीच्या असाव्यात. चाकं कशी बसवायची, पुढच्या फळीवरच्या वायरी कशासाठी, सगळं न कंटाळता सांगितलं. मी विचारलं, तुम्ही खात्यात काय काम करायचात? म्हणाल्या, गणित. कसलं? हसल्या आणि म्हणाल्या, अवघड. तिथेच विषय संपला. निवृत्तीनंतर बोलू नये ते न बोलणारी माणसं मी आमच्याकडेही पाहिली आहेत, पण इतक्या गोड चेहऱ्याने नाही.

पुढे अमेरिकन नौदलाचं ‘बॉम्ब’ यंत्र उभं आहे. नाव बॉम्बचं असलं तरी काम एनिग्माच्या चाव्या शोधण्याचं. लोखंडी कपाट म्हणावं तर माणसापेक्षा उंच, आणि दर्शनी बाजूला गोल चाकांच्या रांगाच रांगा. अशी शंभरावर यंत्रं ओहायोतल्या डेटन गावी बनली आणि ती बनवली कुणी, तर नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने. दुकानाच्या गल्ल्यावर ठण्ण वाजणारी यंत्रं बनवणारी कंपनी! नौदलाने तिच्या कारखान्यात एक वेगळी इमारत घेतली आणि बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही. गल्ल्याच्या कंपनीतून निघालेल्या या यंत्राचा हिशेब त्या वेळी कुठल्या शीर्षाखाली लिहिला असेल, या विचारात मी तिथे बराच वेळ उभा होतो. नातू एव्हाना दोन दालनं पुढे गेला होता.

त्याला आवडली ती लाकडी गरुडमुद्रा. 1945 मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला अमेरिकेची राजमुद्रा कोरून भेट दिली. राजदूताने ती निवासातल्या अभ्यासिकेत लावली. सात वर्षांनी, 1952 मध्ये, कळलं की तिच्या पोटात ऐकण्याचं यंत्र आहे. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते जागं व्हायचं. इथे तिची प्रतिकृती आहे, उघडलेली, म्हणजे पोटातलं दिसतं. नातवाने घरी येऊन भिंतीवरच्या गणपतीच्या फ्रेमची मागची बाजू तपासली.

मग संगणकांचा भाग. क्रे कंपनीचे महासंगणक आहेत, पण मला थांबवलं ते ‘फ्रॉस्टबर्ग’ नावाच्या काळ्या कपाटांनी. त्यांवर लाल दिव्यांच्या पट्ट्या. 1991 ला खात्याने घेतलं, 1997 पर्यंत चालवलं. या यंत्राची मूळ किंमत मला माहीत आहे, कारण ती बाहेर आलेली आहे : अडीच कोटी डॉलर. म्हणजे सबंध इमारतीत एका वस्तूपुढे तरी मला आकडा लिहिता आला. बाकी वहीतला ‘किंमत’ हा रकाना कोरा राहिला. (हो, मी वही नेली होती.)

कापलेला अर्धा तारा तो हाच, आणि त्यात संग्रहालयाचा काडीचा दोष नाही. कायदाच तसा आहे. 1959 च्या एनएसए कायद्याच्या सहाव्या कलमाचा अर्थ असा, की या खात्याची रचना, कामं, माणसांची नावं, हुद्दे, पगार किंवा माणसांची संख्या उघड करायला दुसरा कुठलाही कायदा भाग पाडू शकत नाही. पगार नाही आणि माणसांची संख्याही नाही! आस्थापना खर्चाचं ऑडिट सुरू होतं तेच मंजूर पदं आणि भरलेली पदं या तक्त्यापासून. इथे तक्ताच नाही.

सीआयएचं प्रकरण आणखी सरस. 1949 च्या कायद्याने त्यांना दुसऱ्या खात्यांच्या नावावर मंजूर झालेला पैसा स्वतःकडे वळवून घ्यायची मुभा दिली. म्हणजे अर्थसंकल्पात रक्कम दिसते एका खात्याची, खर्च करतं दुसरंच. आणि गोपनीय खर्चाबद्दल त्याच कायद्यात म्हटलंय की संचालकाने दिलेलं प्रमाणपत्र हेच त्या रकमेचं पुरेसं व्हाउचर मानावं. हे वाचताना माझा चहा गार झाला. पुरेसं व्हाउचर! आम्ही तालुक्याच्या एखाद्या गरीब ग्रामसेवकाला तेराशे रुपयांच्या खडूच्या बिलावर दुकानदाराची सही नाही म्हणून हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटचा लेखी आक्षेप, द्यायचो.

पण हा मजकूर मला ओळखीचाही वाटला. आपल्याकडे ‘गुप्त सेवा खर्च’ म्हणून जे असतं त्याची व्हाउचरं ऑडिटच्या टेबलावर येतच नाहीत. नेमून दिलेला वरिष्ठ अधिकारी आतल्या आत हिशेब बघतो आणि ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र देतो, की पैसे ज्या कामासाठी होते त्याच कामाला लागले. ते प्रमाणपत्र आलं की आमचं काम संपलं. कागदाच्या पलीकडे बघायचा अधिकार नाही. नवीन लागलेली पोरं विचारायची, साहेब, याच्या मागचं? साहेब म्हणायचे, याच्या मागे पुढची फाइल. पद्धत जुनी आहे, आणि अमेरिकेत तर ती जॉर्ज वॉशिंग्टनइतकी जुनी आहे. 1790 मध्ये तिथल्या संसदेने परदेशी कामांसाठी वर्षाला 40,000 डॉलर मंजूर केले आणि त्यातला जो भाग अध्यक्षाला उघड करायचा नसेल त्याची नुसती रक्कम सांगितली की पुरे, असं ठरवलं. 1846 मध्ये संसदेनेच आधीच्या सरकारातला या गुप्त पैशाचा तपशील मागितला, तर अध्यक्ष पोक यांनी दिला नाही.

तिथल्या राज्यघटनेत मात्र स्वच्छ लिहिलंय की सगळ्या सरकारी पैशाच्या जमाखर्चाचं विवरण वेळोवेळी प्रसिद्ध झालं पाहिजे. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम रिचर्डसन नावाच्या गृहस्थांनी हेच कलम धरलं. सीआयएचा खर्च दाखवा म्हणून अर्थखात्याला पत्रं लिहिली, मग कोर्टात गेले. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की नुसता करदाता म्हणून तुम्हाला हा दावा लावायचा हक्कच पोचत नाही. हिशेब गुप्त ठेवणं बरोबर की चूक, तिथवर निकाल गेलाच नाही. दारातूनच परत. मला विचाराल तर त्या माणसाचा एक फोटो या संग्रहालयात लावायला हवा, कॅश रजिस्टरवाल्या यंत्राशेजारी.

नंतर थोडं उघडलं. सगळ्या गुप्तचर खात्यांच्या खर्चाचा 1997 चा एकूण आकडा खटल्याच्या दबावाखाली पहिल्यांदा जाहीर झाला : 26.6 अब्ज डॉलर. पुढच्या वर्षीचाही दिला, मग पुन्हा झाकण बसलं. 2007 पासून कायद्यानेच दर वर्षी एक आकडा सांगावा लागतो. 2024 साठी राष्ट्रीय गुप्तवार्ता कार्यक्रमाचे 76.5 अब्ज आणि लष्करी गुप्तवार्तेचे वेगळे 29.8 अब्ज डॉलर. बस, बेरीज तेवढी सांगतात, उभ्या ओळी सांगत नाहीत. ओळी दिसल्या त्या एकदाच, 2013 मध्ये, एनएसएसाठी कंत्राटावर काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदांतून : एकूण 52.6 अब्ज, त्यात सीआयए 14.7 आणि आमचे हे यजमान, म्हणजे एनएसए, 10.8 अब्ज.

आणि झाकलेल्या पैशाचं काय होतं, ते बघायला लांब जायला नको. व्हर्जिनियातल्या शँटिली भागात आपली बरीच मराठी मंडळी राहतात. तिथेच हेरगिरीच्या उपग्रहांवाल्या एनआरओ, म्हणजे नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिस, या खात्याचं मुख्यालय आहे. या खात्याचं अस्तित्वच 1992 पर्यंत सरकारने मान्य केलं नव्हतं. 1994 मध्ये सिनेटच्या समितीतल्या लोकांनी तक्रार केली की 30 कोटी डॉलरच्या वर खर्चाचं हे बांधकाम आम्हाला धड सांगितलंच नाही. बाहेरच्यांना ती रॉकवेल कंपनीची कचेरी म्हणून दाखवली होती. वर्षभरात आणखी कळलं की याच खात्याने न खर्चलेले एक अब्जाहून जास्त डॉलर साठवून ठेवलेत. अखर्चित रक्कम 31 मार्चला परत करा म्हणून आम्ही जिल्हा परिषदांच्या मागे लागायचो, ते आठवलं. पैसा गुप्त ठेवायला माझी हरकत नाही. शत्रूला आकडे कळू नयेत हे मलाही कळतं. पण जिथे व्हाउचर मागणारा कुणीच नाही, तिथे शत्रूपासून लपवलेलं आणि आपल्याच संसदेपासून लपवलेलं, ही दोन एकाच कपाटात जाऊन बसतात.

आता आपल्या संबंधातली वस्तू. एका कपाटात एम-209 नावाचं हिरवट रंगाचं, जेवणाच्या डब्याएवढं सांकेतिक यंत्र आहे. बोरिस हॅगेलिन यांची ती रचना, युद्धात अमेरिकन सैन्याने लाखाच्या वर वापरली. लोक पटकन पुढे जातात. तुम्ही थांबा. याच हॅगेलिनने पुढे स्वित्झर्लंडमध्ये क्रिप्टो एजी ही कंपनी चालवली, जगभरच्या सरकारांना संदेश झाकायची यंत्रं विकली. 1970 मध्ये सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याने मिळून ती कंपनी गुपचूप विकत घेतली, मालकाचं नाव लिकटेनस्टाइनमधल्या कागदपत्रांत दडवलं, आणि यंत्रं अशी बनवून विकली की संदेश यांना वाचता यावेत. शंभरावर देशांनी ती घेतली. त्यात भारत होता, पाकिस्तानही होता. हे सगळं 2020 च्या फेब्रुवारीत बाहेर आलं. वर कंपनी नफ्यात! वर्षाचा नफा दोन्ही खाती वाटून घेत आणि सीआयएचा वाटा जर्मन लोक भुयारी पार्किंगमध्ये रोखीने नेऊन देत, असं त्यांच्याच इतिहासात लिहिलंय.

म्हणजे बघा, आपल्या कुठल्यातरी खात्याने रीतसर निविदा-मंजुरी करून, परकीय चलन मोजून, आपलीच पत्रं दुसऱ्याला वाचता यावीत म्हणून यंत्रं घेतली. कागदोपत्री सगळं चोख असणार. तपासणी अहवालात एक आक्षेप निघाला नसता, मी स्वतः गेलो असतो तरी.

याच्या उलट बाजूला आपली स्थिती काय, हे लेकीने परतीच्या वाटेवर गाडीत विचारलं. इंटेलिजन्स ब्यूरोची ओळ गृह मंत्रालयाच्या पोलिसांसाठीच्या अनुदान-मागणीत उघड दिसते : 2025-26 साठी 3,893.35 कोटी रुपये. रॉ मात्र 1968 पासून आहे, पण अर्थसंकल्पात तिच्या नावाची ओळ सापडत नाही, आणि तिच्यासाठी संसदेने केलेला वेगळा कायदाही नाही. माहिती अधिकारात विचारावं तर कलम 24 आणि दुसरी अनुसूची आडवी येते, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तरच फट उघडते. लेक म्हणाली, बाबा, म्हणजे तुम्ही रिटायर झालात तरी काही सुटलं नाही. जावई हसले, पण गाडी चालवताना हसतात तेवढंच.

एक गोष्ट राहिली. इथे ‘ब्लॅक चेंबर’ची माहिती नीट वाचा. पहिल्या महायुद्धानंतर हर्बर्ट यार्डली यांच्या हाताखाली सांकेतिक संदेश फोडणारी एक कचेरी न्यूयॉर्कात चालायची, बाहेर व्यापारी सांकेतिक पुस्तकं बनवणाऱ्या कंपनीचं सोंग. खर्च परराष्ट्र खातं आणि युद्ध खातं मिळून करायचं. न्यूयॉर्कच का? तर परराष्ट्र खात्याचा तो पैसा राजधानीच्या हद्दीत खर्च करायला कायद्याने मनाई होती. म्हणून कचेरीच हद्दीबाहेर हलवली! लेखाशीर्ष वाचून आक्षेप कसा टाळावा हे त्या माणसाला आमच्या कुठल्याही कार्यकारी अभियंत्याइतकं कळत होतं. 1929 मध्ये परराष्ट्र खात्याने पैसा बंद केला आणि चेंबर मिटलं.

आता कामाचं. आत दगदग नाही, सगळं एका मजल्यावर असल्यासारखं सुटसुटीत, गुडघेदुखीवाल्यांनी बिनधास्त जावं. पाट्या इंग्रजीत आणि लांबलचक आहेत, चाळिशीचा चष्मा न्या. दहा वर्षांखालच्या मुलांना एनिग्मा आणि गरुड सोडल्यास कंटाळा येईल. छोटं दुकान आहे, एनएसए लिहिलेले मग आणि टोप्या मिळतात. मी मग घेतला, पावतीसकट. खाण्यापिण्याच्या भरवशावर जाऊ नका, डबा गाडीत ठेवा. निघण्याआधी वेळ आणि सुट्टी तपासा, सरकारी जागा आहे. आणि बाल्टिमोर-वॉशिंग्टन पार्कवेने येत असाल तर ‘फक्त एनएसए कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी असलेला एक एक्झिट लागतो. नकाशा काहीही म्हणो, तो घेऊ नका, तिथे सशस्त्र पहारा आहे. राऊट 32 चा घ्या.